हवेची लाइन

कॉम्प्रेसरचा काटा वर सरकायला लागला, तसा राधाकिशनांनी पाइपाला तळहात लावला. ही त्यांची जुनी सवय. दिंद्रुडच्या शिवारातल्या निम्म्या विहिरींची पाइपलाइन त्यांनी टाकलेली, आणि पाणी कुठवर आलं हे ते पाइपाला हात लावूनच सांगत. आज पाणी नव्हतं, हवा होती. सून बबिताच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या वर्कशॉपचा मुहूर्त होता आणि कॉम्प्रेसरच्या टाकीपासून शेवटच्या नळीपर्यंतची सगळी लाइन सासऱ्यांनी शेतातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपात जोडली होती.

बबिताने परवा भीतभीतच सांगून पाहिलं होतं, की हवेला लोखंडी पाइप लागतो, हा फुटला तर तुकडे अंगावर येतात. राधाकिशनांचा पारा चढला. दोन कोसांवरून पाणी आणलेल्या माणसाला पाइप शिकवू नकोस, म्हणाले. घरात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

काटा सहाच्या पुढे गेला. डोक्यावर पत्रे तापलेले. पाण्याचा पाइप हाताला गार लागतो. हा चटके देत होता. तापला की हा पाइप मऊ पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तेवढ्यात कोपऱ्यातला जोड बारीक तडकल्यासारखा वाजला. नेमकी त्याखाली नात संस्कृती आरतीचं ताट घेऊन उभी होती.

शेजारचा बजरंग नारळ घेऊन सरसावला होता. "आण्णा, काटा आठवर जाऊ द्या, मंग फोडतो."

मुहूर्ताचं मशीन मध्येच बंद करायचं, तेही सगळ्या गावासमोर. राधाकिशनांचा हात एकदा अडखळला. मग त्यांनी बटण बंद केलं.

"भाईर व्हा समदे," ते म्हणाले, आणि नातीला दंडाला धरून दाराकडे लोटलं. टाकीचा कॉक त्यांनी मोकळा सोडला. हवा फुसफुसत संपली.

बबितानेच सावरून घेतलं. "मामा तपासून बघत व्हते. नारळ उद्या फोडू."

अब्रू झाकायला एवढं पुरे होतं. माणसांनी माना डोलावल्याही.

"तपासत नव्हतो," राधाकिशन म्हणाले. "चुकलं माझं. ही सांगत व्हती, म्याच ऐकलं न्हाई."

माणसं पांगली. जोड इतके पक्के बसले होते, की हाताने एकही सुटेना. राधाकिशन करवत घेऊन शिडीवर चढले. स्वतःचा जोड कापायची त्यांची ही पहिलीच वेळ. पांढरा भुसा त्यांच्या मिशांवर पडत राहिला. खाली बबिता शिडी धरून उभी होती आणि वर पाहत नव्हती.