गप्प पडलेला पंखा

दिवाळी सरली तेव्हा नथ्थू आबांच्या घरात माणसांना कमी आणि कापसाला जास्त जागा उरली होती. भाव चढायची वाट बघत पुढची खोली छतापर्यंत भरली होती. तिच्या दाराला लागूनच, ओसरीत, त्यांच्या मुलाची, नवनीतची, विजेवर चालणारी गाडी उभी असे. शेजारी धनुबाईंची खाट. गुडघ्यांमुळे आबांच्या या म्हाताऱ्या बायकोला आधाराशिवाय उठता येत नसे.

गाडी चार्जिंगला लावली की बोनेटखालचा पंखा घरघरायचा. आतला चार्जर तापू नये म्हणून तो फिरतो. काही दिवसांपासून तो मधेच थांबे, पुन्हा फिरे. त्या दुपारी थांबला तो थांबलाच.

"बरं व्हयनं," धनुबाई म्हणाल्या. "मन्हं डोकं उठी जाये."

सून शीला बाहेर आली. तिने बोनेटवर तळहात टेकवला आणि झटक्याने मागे घेतला. प्लग काढून तिने भावाला फोन लावला. भाग्येश नंदुरबारला एका गॅरेजात होता.

"गार होऊ दे," तो म्हणाला. "मग लाकडाच्या काडीने पंख्याची पाती हलवून बघ. नारिंगी वायरला हात लावू नको, तिच्यात जोराचा करंट असतो."

तिने तसंच केलं. पाती सहज फिरली. म्हणजे पंखा अडकला नव्हता, त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. त्याची बारीक वायर बघत बघत ती टॉर्चच्या उजेडात चार्जरच्या मागच्या फटीपर्यंत आली आणि थबकली. तिथे उंदरांनी कापसाचं घरटं केलं होतं. वायर कुरतडलेली होती. चार्जरकडच्या बाजूने कापूस तपकिरी झाला होता, आणि जळक्या कापडाचा वास येत होता.

तिने फोटो पाठवला. भाग्येशचा लगेच फोन आला.

"ताई, नारिंगी वायरवर पण दात लागलेले दिसतात. गाडी घराबाहेर काढा. मी येतो, तोवर चार्जिंगला लावू नका."

नवनीत शेतातून आला तेव्हा शीलाने त्याला भाग्येशचं बोलणं सांगितलं. त्याने घरटं उपटून अंगणात फेकलं आणि प्लग लावला. हिरवा दिवा लागला.

"दख, चालू शे. सांजले मले धडगावले जानं शे."

"पंखा फिरी नही ऱ्हायना," शीला म्हणाली.

"थंडीना दिन शेत. काय फरक पडस?"

कापूस वेचायला आलेल्या गजराबाईला शीलाने हाक मारली. दोघींनी धनुबाईंना खाटेसकट उचललं आणि अंगणापलीकडे निंबाखाली नेऊन ठेवलं.

आबा हे बघत होते. ते मुलाजवळ गेले.

"प्लग काढ. ती तुन्ही मायले बाहेर लई गयी, अन् तू आठे उभा शे."

नवनीतने प्लग काढला. सगळ्यांनी मिळून गाडी निंबापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या खळ्यावर ढकलली. पण धडगाव त्याच्या डोक्यातून जाईना. लांब वायर ओढून त्याने तिथेच पुन्हा प्लग लावला आणि बाजूला उभा राहिला. शीला ओसरीत मेन स्विचजवळ थांबली. खळ्यावर कसलाच आवाज नव्हता.

आधी बोनेटच्या फटीतून पांढरी रेघ निघाली. मग ती जाड, काळपट झाली. शीलाने स्विच पाडला, तरी धूर वाढतच गेला.

"मांगे सर!" आबा ओरडले. नवनीत मागे पळाला तोच आतून फट् असा आवाज आला आणि बोनेटखालून ज्वाळा उसळल्या.

वारा घराकडे होता. गाडीतल्या जळक्या चिंध्या अंगणावरून उडत ओसरीच्या तोंडाशी येऊन पडू लागल्या. शीलाने कापसाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. ती आणि गजराबाई ओली पोती घेऊन एकेक ठिणगी विझवत राहिल्या. त्या दोघी थांबल्या तेव्हा खळ्यावर गाडीचा नुसता काळा सांगाडा धुमसत होता. घर तसंच उभं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी भाव चढायची वाट न बघता व्यापाऱ्याचा टेम्पो बोलावला. नवनीत सकाळपासून एकटाच कापूस भरत होता. शीला पाणी घेऊन गेली तेव्हा त्याने तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

"तू मायले बाहेर नही लई जाती ते..."

त्याची नजर ओसरीतल्या, गाडी उभी असायची त्या जागेकडे गेली. शीलाने कापसाच्या गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.