भागीरथीच्या हातची वीणा

सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. तिसऱ्या दुपारी वीणेकऱ्याला चक्कर आली आणि बदलीचा माणूस कापडाच्या लूमवरून सुटलाच नव्हता. मंडळाचे प्रमुख भटूअप्पा यांनी वीणा सावरली, पण त्यांना नाम चालवता येईना. गावाकडून लूमवर कामाला आलेल्यांच्या डिंडोली वस्तीतल्या त्या मंडपात भागीरथीने हात पुढे केले.

"वहिनी, विधवेने नाही धरायची," अप्पा म्हणाले.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. प्लेगच्या साली ही सगळी गल्ली कुलपं लावून गावाकडे पळाली होती. तापाने फणफणलेल्या नवऱ्यापाशी ती एकटी राहिली. तो गेल्यावर रडायलाही सोबत नव्हती. मोठमोठ्याने हरिपाठ म्हणत ती मागे उरलेल्या आजाऱ्यांना पेज भरवायची.

"अप्पा, आईला टाकून तुम्ही स्टेशन गाठलंत, तेव्हा याच हातांनी भरवलं तिला. तेव्हा नाही विचारलंत, हात कुणाचे?"

पुढ्यात बसलेली अप्पांची म्हातारी आई कडाडली, "भटू, दे तिले! तिनामुये मी जित्ती शे."

अप्पांनी मान खाली घालून वीणा दिली. भागीरथीचा राग काही उतरला नव्हता. त्याच खणखणीत आवाजात तिने नाम उचललं, आणि गल्ली तिच्यामागे म्हणू लागली.