भिंतीची वहिवाट

कासम कागदीला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा. त्यात नगरपालिकेची नोटीस आली आणि त्याच्या पायाला भिंगरीच लागली.

ही छप्पन्न सालची गोष्ट. जुन्नरच्या जुन्या पेठेत एस.टी.ची गाडी वळेना. कासमच्या घराच्या कोपऱ्याशी ड्रायव्हर तीनदा मागं-पुढं करायचा आणि चौथ्यांदा कासमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. म्हणून रस्ता आठ फुटांनी रुंद करायचा ठरलं. आठ फूट म्हणजे कासमची पुढची सबंध खोली आणि त्या खोलीतली भिंत.

ती भिंत म्हणजेच त्याचा हातकागदाचा धंदा. बाकीचं घर मातीचं, पण ही एकच भिंत चुन्याची, घोटून घोटून नितळ केलेली. हौदातला लगदा साच्यावर उचलायचा, निघालेले ताव दगडाखाली दाबायचे आणि एकेक ओला ताव कुंच्यानं या भिंतीला लावायचा. वाळला की आपसूक सुटून हातात येतो. खरबरीत भिंतीवरून तो फाटून निघतो. भिंत गेली की कागद गेला, आणि साठीला टेकलेल्या कासमला कागदाशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

वाट एकच होती. शंभर वर्षांच्या वरची वास्तू असेल तर ती राखीव यादीत घालावी आणि रस्त्याची रेघ तिथं वाकवावी, असाही एक ठराव झाला होता. कासम पळत कचेरीत गेला. हेडक्लार्क कुंडलिकराव म्हणाले, "घर जुनं असल्याचा कागद आणा."

आता गंमत बघा. या घरानं साऱ्या मुलखाच्या दप्तरांना कागद पुरवला, पण घरात स्वतःच्या नावाचं एक चिठोरं नव्हतं. कासमनं पेट्या उपसल्या, माळा झाडला, ओझरपासून पिंपळवंडीपर्यंत ओळखीपाळखीच्या दारांत उभा राहिला. लोकांनी चहा पाजला, कागद कुणाकडंच निघाला नाही. शेवटी कुंडलिकरावांनीच तोड काढली, "समिती येऊन डोळ्यांनी बघेल. पुढच्या गुरुवारी."

मधे आठ दिवस. आठ दिवस हा माणूस काय करणार? हात शिवशिवायला लागले. भिंतीकडं बघितलं तर तिच्यावर डाग, खाली ओल, एका जागी पोपडा. अशी भिंत साहेबांना दाखवायची म्हणजे फाटक्या सदऱ्यानं निकाह लावण्यासारखं. कासमनं चुना भिजवला, त्यात गूळ आणि आंबेगावच्या डोंगरातून आलेल्या हिरड्याचं पाणी घातलं आणि सबंध भिंतीवर नवा हात दिला. मग सकाळ-संध्याकाळ गुळगुळीत दगडानं घोटत सुटला. त्याची बायको झुबेदा दोनदा म्हणाली, "अवं, ऱ्हाऊ द्या आता. खांदा निखळंल." त्यानं ऐकलं नाही. बुधवारी भिंतीत झुबेदाचं तोंड दिसायला लागलं, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला थंडावा मिळाला.

गुरुवारी तिघं आले. पुण्याहून बदलून आलेले ओव्हरसीअर, वही घेतलेले कुंडलिकराव आणि वॉर्डाचे मेंबर गेणभाऊ. ओव्हरसीअरनी भिंतीवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि विचारलं, "ही शंभर वर्षांची?"

"दीडशे म्हना साहेब," कासम छाती काढून म्हणाला.

"चुना अजून थंड लागतोय. ही तर गेल्या आठवड्यातली दिसते."

गेणभाऊंनी डोक्याला हात लावला. "कासमभाई, करायला गेला गनपती अन् झाला मारुती. जुनी भिंत दाखवायची व्हती, तुमी तिला नवरी करून ठिवली."

"खाली जुनीच हाय," कासम म्हणाला. "हे वरचं निसतं पुट हाय. बापाचं खाली हाय, आज्याचं त्याच्या खाली."

"खालचं मला कसं दिसणार?" ओव्हरसीअर म्हणाले, आणि ते काही वावगं बोलले नव्हते. त्यांनी टेप गुंडाळायला घेतली.

टेप गुंडाळली की संपलं, हे कासमला कळत होतं. तो आत गेला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला. दाराजवळचा कोपरा धरून त्यानं छिन्नी टेकवली, पण हात उचलेना. या भिंतीला लहानपणी चेंडू लागला म्हणून त्यानं बापाच्या हातचा मार खाल्ला होता. आत्ता बाप असता तर हात मोडूनच ठेवला असता. झुबेदानं तोंड फिरवलं. कासमनं डोळे मिटून पहिला घाव घातला.

वीतभर तुकडा निखळला. ओव्हरसीअर उकिडवे बसले आणि पेन्सिलीच्या टोकानं कड मोजायला लागले. एकाखाली एक पुटं होती, कुठलं पिवळट, कुठलं धुरानं काळवंडलेलं, अगदी खालचं विटकरी. "नऊ," ते म्हणाले. "पुट किती वर्षांनी देता?"

"एका मानसाच्या हयातीत दोन येळा. माजं दुसरं ह्ये कालचं."

ओव्हरसीअरनी मनातल्या मनात हिशेब केला, साडेचार हयाती म्हणजे शंभराच्या वर, आणि उठून गुडघे झटकले. "ठीक आहे. घ्या यादीत. रेघ वाकवू."

कासमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायच्या आत कुंडलिकराव वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागले होते, "सदर भिंत जशी आहे तशी राखावी. तीत कोणताही फेरफार करू नये."

"फेरफार म्हंजी?" कासमनं विचारलं.

"हात लावायचा नाही," ओव्हरसीअर म्हणाले. "चुना नाही, घोटणं नाही, पाणी तर मुळीच नाही. राखीव वास्तूचा नियम आहे."

"मंग कागद कुठं वाळवायचा?"

भिंत वाचली होती, आणि ती त्याच्या हातची गेली होती. उद्यापासून तो इथं राखणदार म्हणून बसणार होता, बिनपगारी. यापेक्षा रस्त्यात गेली असती तर एकदा रडून मोकळा झालो असतो, असं त्याला वाटलं.

त्या सगळ्या घोळात सकाळपासून दाबलेल्या तावांची चवड तशीच पडून होती. आणखी तासभर राहिली असती तर तिचा गोळा झाला असता. झुबेदानं वरचा ताव दोन बोटांनी सोडवला, डोक्यावरचा पदर दातांत धरला आणि तिघा पुरुषांच्या मधून जाऊन तो भिंतीला लावला. वरून कुंचा फिरवला. मग दुसरा लावला.

"बाई, थांबा," ओव्हरसीअर म्हणाले. "आत्ताच काय सांगितलं?"

झुबेदानं मागं बघितलं नाही. "माजी सासू लावीत व्हती, तिची सासू लावीत व्हती. ही भितीची वहिवाट हाय साहेब. आमी काय नवं करत न्हाई."

वहिवाट हा शब्द कानावर पडला आणि गेणभाऊ ताठ झाले. त्यांनी बांधाच्या वाटेसाठी भावकीशी अकरा वर्षं दावा लढवला होता आणि वहिवाटीवर जिंकला होता. कायद्यातला तेवढाच एक शब्द त्यांना येत होता, पण तो पक्का येत होता. "साहेब, बाई बराबर बोलती. वहिवाट तुमास्नी रोखता येत न्हाई. कुंडलिकराव, डोळ्याला दिसतंय त्ये ल्ह्या. भितीला वले कागद लावल्यालं हायेत का न्हाई?"

"आहेत."

"मंग जशी हाय तशी म्हंजी कागदासकट."

ओव्हरसीअरना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी भिंतीकडं बघितलं. अकरा ताव लागले होते आणि बारावा लागत होता. "लिहा," ते म्हणाले. कुंडलिकरावांनी लिहिलं, "भिंतीस ओले कागद लावण्याची व वेळोवेळी चुना देऊन घोटण्याची पूर्वापार वहिवाट असून ती चालू ठेवावी." कासमनं खाली अंगठा न उठवता सही केली, वळणदार, एका दमात.

निघताना गेणभाऊ दारात थांबले. "येक ध्यानात ठिवा, भाई. वहिवाट चालू हाय तवर हाय. येकदा खंड पडला की मोडली. मंग जशी हाय तशी, हात लावायचा न्हाई."

ते गेल्यावर कासम हसत सुटला, मग हसू मधेच तोडून म्हणाला, "झुबेदा, म्हंजी आता मला आजारी पडायची बी सोय न्हाई."

"आजारी पडा की. मी हाय."

"अन् आपुन दोघं गेल्यावर?"

झुबेदाचा कुंचा थांबला. भिंतीला नऊ पुटं द्यायला नऊ वेळा कुणी ना कुणी मागं उरलं होतं. दहावं द्यायला कुणी उरणार नव्हतं. मंचरला दिलेली एकुलती एक ताहेरा होती, पण लेकीला धंदा देत नाहीत, असं कासमच्या घरात सगळे म्हणत आले होते. कासम स्वतःही म्हणत आला होता.

तो हौदापाशी जाऊन उभा राहिला, परत आला, परत गेला. मग झुबेदाकडं न बघता म्हणाला, "ताहेराला सांगावा धाड. म्हनावं, चार दिस येऊन जा. तिला अजून ताव लावता येतो का, इचार."

"येतो," झुबेदा म्हणाली. "लगीन व्हायच्या आदी निम्मी भित तीच भरत व्हती. तुमी कदी बघितलं न्हाई."