जावईबापूंच्या वाटणीचं कडू

मी बोलतोय, खालच्या फळीवरच्या शेवटच्या पिंजऱ्यातला पांढरा उंदीर. शेपटीवर शाईच्या तीन रेघा, हीच माझी ओळख. तीन रेघा म्हणजे औषधाची सगळ्यात मोठी मात्रा.

जन्म याच इमारतीतला. डोळे उघडले तेव्हा समोर लाकडाचा भुसा, पाण्याची बाटली आणि मामांचा जाडजूड अंगठा. पिंजरे धुणं, दाणा घालणं, शेपटीवरच्या रेघा पुसट झाल्या की पुन्हा काढणं, सगळं मामांकडे. मला त्यांचा अंगठा चाटायची खोड. मामा खूश! "काय जावईबापू, जेवण झालं का?" असं रोज विचारत. माणसाचा जीव कशावर जडेल, काही नेम नाही.

प्रयोग संशोधक बाईंचा. एका झाडाच्या पानांचा अर्क लोक सांधेदुखीवर सर्रास घेतात. त्याने पुरुषांना मूल होण्यात अडचण येते का, हे त्यांना शोधायचं होतं. आम्ही चोवीस नर, सहा-सहांचे चार गट. साठ दिवस रोज सकाळी बोथट सुईने अर्क घशाखाली. एका गटाला नुसतं पाणी. पहिले पाच दिवस बाईंनी स्वतः दिला, मग मामांवर सोपवला.

अर्क कडूजहर. मी फार तडफडायचो. सहाव्या दिवशी मामांनी दार लोटलं, माझ्या वाटणीचा अर्क मोरीत ओतला आणि मला पाणी पाजलं. "एकट्याने काय आभाळ कोसळतंय?" असं पुटपुटत वहीत 'दिला' लिहून सही ठोकली. रोज तेच. मीही लबाड, आयतं मिळतंय म्हणून गप्प राहिलो.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या पिंजऱ्यात मादी आली. साठ दिवस भरल्यावर वीस जणांना तपासणीसाठी नेलं, ते परत आले नाहीत. औषध थांबल्यावर फरक पडतो का हे बघायला गटातला एकेक मागे ठेवायचा होता. आमच्यातून मामांनी मलाच पुढे केलं.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. आमच्या गटातल्या पाच माद्यांना एकही पिल्लू नाही. माझ्या मादीला अकरा.

"मामा, हे कसं काय हो?"

मामांनी सह्यांची वही बाईंपुढे ठेवली. "चुकलं माझं, बाई. याला मी पाणीच देत होतो. हात धजावला नाही."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना दिला. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ कुठल्या रकान्यात लिहू, मामा?" बाईंनी वही मिटली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक सही खोटी निघाली. बाकीच्या कोण खऱ्या मानणार?"

सगळा प्रयोग रद्द झाला. वीस जीव फुकट गेले. त्यातले पाच माझे सख्खे भाऊ. मी तो अंगठा चाटला नसता तर, असं रोज मनात येतं आणि दाणा गोड लागत नाही.

आता मी कुणाच्याच कामाचा नाही. दयाळू माणसांनो, दया करायचीच तर उघड करा. अडून बसा, भांडा. चोरून केलेल्या दयेचा भुर्दंड भलत्यालाच पडतो.

आज सकाळी नवे चोवीस आले. त्यातल्या एकाने मामांचा अंगठा चाटला. मामांनी अंगठा कोटाला पुसला, बाईंच्या देखत सुई भरली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. माझ्या वाटणीचं कडू त्या पोराने गिळलं.