एकाआड एक गाढव

मी घोडा बोलतोय. घोडा! हे आधी डोक्यात पक्कं करा, मग पुढचं ऐका. मध्येच कुणी 'गाढव' म्हणालं तर मी टोचतो. खोटं वाटत असेल तर सान्तुच्चोचा अंगठा बघून या.

सगळी भानगड एका पैजेनं झाली. आमच्या फाब्रियानो गावात, नदीकाठी, उगोलिनो मालकाचा कागदाचा कारखाना आहे. तिथे दुपारच्या जेवणाला मेंको म्हणाला, "सान्तुच्चो, तू नुसता तोंडाचा शूर. मालक गाढव, मालक गाढव, चार दिवस आमचे कान किटवतोयस. हिंमत असेल तर त्याच्या कागदावर काढून दाखव की गाढव!"

सान्तुच्चोच्या तोंडात पावाचा हा एवढा बोकणा. तसाच म्हणाला, "काढतो. लाव पैज."

शहाणा माणूस निदान घास गिळेपर्यंत तरी विचार करतो. यानं तेवढाही केला नाही.

थांबा, मी कोण ते राहिलंच. मी पितळेच्या बारीक तारेचा, चार बोटं उंच, चारही पाय हवेत. मला नूतानं घडवलं. ती आमच्या कारखान्यात साच्यांवर खुणा शिवते. साचा म्हणजे लाकडी चौकटीत ताणलेली तारांची जाळी. त्या जाळीवर तिनं मला केसाएवढ्या तारेनं शिवलं. चिंध्या कुजवून, कुटून लगदा करतात, तो कोमट पाण्याच्या हौदात असतो. साचा त्यात बुडवायचा, आडवा उचलायचा, हलवायचा. पाणी गळून जातं, वर सायीसारखा थर राहतो. मी असतो तिथे थर जरा जास्तच पातळ. कागद वाळला की कोरा दिसतो, पण खिडकीपाशी धरा, की मी हजर! शिकलेली माणसं याला जलचिन्ह म्हणतात. आम्ही नुसतं खूण म्हणतो. आणि खूण म्हणजे कारखान्याची इभ्रत.

मला एक जुळा भाऊ आहे. साचे जोडीनंच असतात ना! सान्तुच्चो हौदावर एक साचा बुडवतो, तोवर मेंको दुसऱ्यातला ओला ताव लोकरीच्या फडक्यावर पालथा घालतो. म्हणून एका तावात मी, पुढच्यात भाऊ, परत मी, परत भाऊ. दोघं डिट्टो. फक्त माझं शेपूट जरा जास्त झुपकेदार. भाऊ हे मान्य करत नाही.

आता सान्तुच्चोला मालकाचा एवढा राग का? तर एक दिवस त्याचा एक ताव एका बाजूला जाड आला. मालकानं चिंध्या निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर तो ओला ताव त्याच्या डोक्यावर थापला आणि म्हणाला, "गाढवा, घे, टोपी घाल." बायका अशा हसल्या की दोघींना उचकी लागली. वीस वर्षं हौदावर उभा राहिलेला माणूस तो. त्याच्या कानांतून लगदा ओघळत होता.

राग यावा, माझं काही म्हणणं नाही. पण मग मालकाच्या डोक्यावर काहीतरी थाप ना बाबा! माझ्या कानांना का हात लावतोस?

रविवारी सगळे चर्चमध्ये गेले. सान्तुच्चो पोट दुखतंय म्हणून मागे राहिला. साचा खिडकीशी नेला, माझे छोटे, टोकदार, देखणे कान उसवले आणि त्या जागी दोन लांबलचक कान शिवले. मला ओरडता येईना. नूतानं मला तोंड दिलंय, गळा दिला नाही. तार एकाच जोडीला पुरली, त्यामुळे भाऊ वाचला.

सोमवारी हौदात उतरताना भाऊ म्हणाला, "काय गाढवराव, ओझं कुठपर्यंत न्यायचंय?"

त्याच क्षणी मी ठरवलं. हा अपमान मी फुकट जाऊ देणार नाही.

तारेच्या घोड्याला सूड कसा घेता येणार, असं वाटेल तुम्हाला. पण सान्तुच्चोनंच सोय करून ठेवली होती. त्याला शिवता येतं कुठे! नूता तारेचं टोक जाळीच्या आत दाबते, वरून बोट फिरवा, काही लागत नाही. यानं उजव्या कानाचं टोक तसंच वर ठेवलं. मग काय, दर तावाला त्या टोकावर लगद्याची गुठळी अडकायची. गुठळी राहिली तर पुढच्या तावाला भोक. म्हणजे ती काढायलाच हवी. कशानं? अंगठ्यानं. आणि अंगठा आला, की मी तयार!

टच्च.

"आई गं!"

"काय झालं?" मेंको विचारायचा.

"काही नाही. काम कर तुझं."

दिवसभर हात कोमट पाण्यात, जखम भरणार कशी? पहिल्या आठवड्यात अंगठा लाल झाला, दुसऱ्यात सुजला, तिसऱ्यात आलुबुखार झाला. टोक दाबायला जावं तर समोर बायका, कुणी बघितलं तर? म्हणून मुकाट टोचून घ्यायचा. मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती.

पण कागद काय एका जागी बसतो? पेरुजा शहरातल्या एका लेखनिकानं आमच्या तावावर कुणा सरदाराला पत्र लिहिलं. सरदारानं ते खिडकीपाशी धरून वाचलं. आणि त्याच्या नावाची अक्षरं पडली होती बरोबर माझ्या पाठीवर! तो आधी लाल झाला, मग जांभळा. लेखनिकानं आपली गाढवावरून धिंड काढली, असंच वाटलं त्याला. लेखनिकानं कागदाकडे बोट दाखवलं, आणि ते पत्र आमच्या कारखान्याच्या दारात आलं, सोबत दोन भालेवाले आले.

मालकानं पेठेत पाठवायला ठेवलेला गठ्ठा फोडला आणि एकेक ताव उजेडाला धरला. घोडा. गाढव. घोडा. गाढव. पंधराव्या तावाला तो खालीच बसला.

(त्या महिन्यातले कितीतरी ताव अजून जगात फिरतायत. तुमच्या हाती एखादा आला, आणि उजेडात लांब कानांचं कुणी दिसलं, तर कृपा करून हसू नका. शेपूट बघा. शेपूट घोड्याचं आहे.)

"खूण कोण शिवतं?" मालक ओरडला. "नूता! बोलवा तिला!"

नूता आली. चाळिशीची विधवा, हात वेताच्या काडीसारखे. ही कला नवऱ्याकडून शिकली, आणि नवरा गेल्यावर त्याच्याहून बरी करायला लागली. एका नजरेत म्हणाली, "हा टाका माझा नाही."

"मग कुणाचा? सान्तुच्चो, साचा तुझ्या हातात असतो. तुला काय ठाऊक?"

सान्तुच्चोनं अंगठा मुठीत लपवला. "मी साचा बुडवतो, मालक. तार शिवणं काही आमचं काम नाही."

ऐकलंत? इतके दिवस मी आपला चेष्टेत टोचत होतो. त्या संध्याकाळपासून हाडापर्यंत टोचलं.

आमच्या गावात खोट्या खुणेला माफी नाही. ज्यानं खूण बिघडवली त्याचा साचा कारखान्याच्या दारात मोडायचा आणि त्याला धंद्यातून हाकलायचं. मग गावातला एकही कारखाना त्याला दारात उभा करत नाही. नूताला शिवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. स्वयंपाक तर अजिबात नाही, तिच्या हातची वालाची उसळ एकदा खाल्ली होती मेंकोनं, अजून सांगतो.

शुक्रवारी सकाळी धंद्यातले पंच आले. पुढे अक्कोर्सोबाबा, वय ऐंशी, भुवया अशा की त्यात चिमणीनं घरटं करावं.

"टाका तुझा नाही म्हणतेस," बाबा म्हणाले. "टाक्यावर नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय. तुम्हाला वाचता येत नाही एवढंच."

बायकांत खसखस पिकली. बाबांच्या भुवया जागच्या हलल्या.

"दुसरं कोण शिवतं इथे? नाव घे."

"बघितलं नाही त्याचं नाव कसं घेऊ? शिवणारा कुणी तरी नवशिका आहे, आणि डावखुरा आहे की काय देव जाणे. पण नाव नाही घेणार."

"मग विषय संपला. साचा मोडायचा. पण त्याआधी याच्यातून एक ताव काढा. तो पेटीत राहील, पुरावा म्हणून. आणि त्यावर हिचं नाव लिहू."

झालं! म्हणजे मीही मरणार, आणि माझ्या आईला हाकलणाऱ्या कागदात मीच बसणार. आणि तो कागद काढणार कोण? सान्तुच्चो!

तो हौदाशी आला. सगळे भोवती उभे. गुठळी होतीच. त्यानं अंगठा लावला आणि मी होता नव्हता तेवढा जोर केला. त्याचे डोळे भरले, पण आवाज नाही काढला. बुडवला, उचलला, हलवला. साच्यावरची सुटी लाकडी कड सोडवायला हात वर नेला, आणि ठणकणाऱ्या अंगठ्यावरून पाण्याचा एक थेंब टपकन ओल्या तावावर पडला.

थेंब पडला की ताव गेला. तिथे कागद फाकतो, डाग राहतो.

"परत," अक्कोर्सोबाबा म्हणाले.

परत टच्च. परत थेंब.

"परत!"

तिसऱ्यांदा दोन थेंब.

"अरे, तुझे वडील हौदावर उभे असायचे तेव्हापासून बघतोय मी तुला," बाबा म्हणाले. "तुझा थेंब कधी पडला नाही. आज काय झालं?"

मी तर मनातल्या मनात खिंकाळत होतो. पाड, अजून पाड! सगळ्या गावासमोर पाड! तुझ्या हाताची अब्रू गेली, बरं झालं! तेवढ्यात नूता पुढे आली.

"अंगठा दाखव," ती म्हणाली.

"काही नाही झालेलं."

"दाखव म्हणते ना!"

त्यानं मूठ उघडली. एक बाई "अगं बाई" म्हणून तोंड फिरवून गेली. नूतानं माझ्या कानावरून बोट फिरवलं. तिला मी टोचलो नाही. कसा टोचेन?

"टोक वर राहिलंय," ती म्हणाली. "महिनाभर असाच काम करतोयस? येड्या, सांगायचंस की! आण तो साचा इकडे. आत दाबून दोन टाके घालते, मग काढ तुझा ताव."

"अगं ए," मेंकोला राहवेना, "त्याच तावावर तुला हाकलणारेत!"

"हाकलू देत. म्हणून याचा अंगठा सडू द्यायचा का? वीस वर्षांचा हात आहे तो."

तिनं कमरेची डबी काढली, उघडली, बोटानं ढवळली. "छे. बारकी सुई मिळतच नाही. महिनाभर रोज शोधतेय."

मेंको छताकडे बघायला लागला, जणू तिथे काही लिहिलंय. आणि मी? माझ्याकडे अजून चार महिने पुरेल एवढा सूड शिल्लक होता, पण तो कुठे टोचायचा तेच कळेना.

सान्तुच्चोनं ओल्या हातानं डोक्यावरची टोपी काढली. तिची कड उलटी केली. आतल्या शिवणीतून एक बारकी सुई ओढली आणि नूताच्या तळहातावर ठेवली. मालकाकडे बघितलं नाही, पंचांकडे बघितलं नाही.

"कान मी शिवले, नूता," तो म्हणाला. "आणि घाण शिवले."