सत्तरीतले आईबाप

तलवाड्याच्या पलीकडे एक वाडी आहे. दुष्काळाच्या साली तिथली बेडकं पोहायला शिकायची म्हणून परगावच्या विहिरीला जायची. हे खोटं वाटत असेल तर सोडून द्या; पण वाडीची सहकारी दूध सोसायटी चालू होती, हे तर सरकारनंच मान्य केलं होतं. गाई कधीच्या आटल्या होत्या, पण टँकर आला की दूध यायचं. त्या पाण्यात सरकारी पावडर कालवून पोरांना पेला पेला वाटायचे.

भिवराबाईची नात रुक्मी त्या पेल्यावरच गावात टिकून होती. मुलगा रामहरी आणि सून, वाडीतल्या सगळ्या जोडप्यांसारखी, ऊस तोडायला गेलेली. पेला बंद पडला तर पोरीला त्यांच्याकडं उसाच्या फडावर धाडावं लागणार. आणि फडावर गेलेली पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे म्हातारीनं थोरल्या नातीच्या वेळी पाहिलं होतं.

तेवढ्यात सरकारला सुधारणा सुचली. मदत म्हणे भलतीकडेच जाते. यापुढं ती फक्त कुटुंबाला. कुटुंब म्हणजे मूल, आई आणि बाप, तिघांनी दर महिन्याला सोसायटीत हजर व्हायचं. पहिल्याच महिन्यात दूध मागायला कुणी आलं नाही. हजेरी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी वर कळवलं, वाडीतली उपासमार संपली.

चेअरमन अर्जुनराव हवालदिल झाले. वाटप नाही तर पावडर नाही, पावडर नाही तर सोसायटी कसली आणि चेअरमन तरी कशाचा? भिवराबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. आजी म्हणजे कुटुंब नव्हे, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं.

आता उसाच्या धंद्यात मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. दोन अर्धे जोडून तो एक पुरा करतो, आणि यांचं लग्न कुठं लागलं, असं कारखाना विचारत नाही.

"मी अर्धा कोयता हाय, चेअरमनसाहेब," भिवराबाई म्हणाली. "त्यो बद्रीनाथबी अर्धाच हाय. जोडा आमाला."

बद्रीनाथ विधुर, तिचा बांधाशेजारी. त्याच बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. त्यानं अट घातली, रोज दोन भाकरी. ती एकीवर अडली. शेवटी दीड भाकरीवर संसार ठरला.

पुढच्या महिन्यात बघावं तर वाडीतले सगळे अर्धे जुळून रांगेत उभे. एका बापाला ऐकू येत नव्हतं, एका आईला आपण कुणाची आई हे सारखं सांगावं लागत होतं. खरं वाटावं म्हणून भिवराबाईनं बद्रीनाथला चारचौघांत शिव्याही घातल्या.

साहेबांनी रुक्मीकडं पाहिलं, मग दोघांच्या सुरकुत्यांकडं. "ही तुमची मुलगी?"

"दुष्काळ हाय, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. "पीक उशिराच येतंय."

नियमात आईबाप लिहिले होते, त्यांचं वय नव्हतं. दूध सुरू झालं. साहेबांनी वर कळवलं, ही हवा संततीला फार मानवते. मग कुटुंबनियोजनाचं पथक आलं आणि बोळक्या तोंडाच्या बायांना पाळणा लांबवायचं महत्त्व पटवून गेलं.

ऊस संपला तसा रामहरी बायकोला घेऊन परतला. महिन्याच्या दिवशी दोघं ऐटीत सोसायटीत गेली. साहेब म्हणाले, या मुलीला आईबाप आहेत, हजेरीही चोख आहे, तुम्ही कोण? रामहरी आवाज चढवू लागला. साहेबांनी भिवराबाईलाच विचारलं, हा गृहस्थ कोण?

खरं सांगावं तर सगळ्या रांगेचं दूध बंद. आणि दसऱ्यानंतर हीच पोर पुन्हा कुणाच्या जोरावर गावात राहणार? रुक्मीच्या ओठाशी पेला थांबला होता.

"वळखीचा हाय," भिवराबाई म्हणाली. "हितं र्‍हात न्हाई. दसरा झाला की जातोय परत."

रामहरीनं आईकडं पाहिलं, बायकोचा हात धरला आणि रांगेबाहेर झाला. रुक्मीनं पेला तोंडाला लावला.