गळलेलं शून्य

बाईंनी आकड्याखालून तिसऱ्यांदा बोट फिरवलं आणि बोट पुन्हा त्याच जागी अडलं. मासिकात तिथे दोन शून्यं शेजारीशेजारी होती. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर मात्र एकच होतं.

वर्षभरापूर्वी वाचनालयाच्या याच टेबलाशी त्यांनी कोड्याच्या पानावरचा हा चाळीस अंकी आकडा हळू आवाजात वाचला होता आणि नवऱ्याने उतरवून घेतला होता. ‘याचे मूळ अवयव शोधा,’ एवढंच खाली छापलेलं. गणिताच्या बाई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि घर खायला उठलं होतं. मग रोज संध्याकाळी एकेका मूळ संख्येने भाग लावून बघायचा, असा नेमच पडला. बाई भागायच्या, नवरा तपासायचा. तीनने भाग गेला, सतराने गेला. उरलेल्या आकड्याने पुढे कुणालाच दाद दिली नाही. दोघं दोन हजारांच्या पलीकडे पोचली होती. आज जुना अंक सहज चाळायला घेतला, तेव्हा कळलं की सगळा खटाटोप भलत्याच आकड्यावर चाललाय.

चूक वाचताना झाली होती, म्हणजे बाईंचीच. ती सांगायची कशी, याचा त्यांना घोर लागला. नवऱ्याने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेला. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कुणाचीही गय नाही. लग्नाआधी बाईंनी पाठवलेलं पहिलं पत्र त्याने लाल शाईने दुरुस्त करून परत धाडलं होतं. तरीही बाईंनी त्याच्याशी लग्न का केलं, हे त्यांच्या बहिणीला अजून उमगलेलं नाही.

घरी तो मटार सोलत बसला होता. बाईंनी चपला काढता काढताच सांगून टाकलं.

“अहो, आपला आकडा चुकलाय. माझ्याकडून एक शून्य गळलंय.”

“बाराव्या अंकानंतरचं,” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू पुस्तकं परत करायला उठलीस, तेव्हा ताडून पाहिलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. पण घरी येताना तू रस्त्यातच अंकांची बेरीज केलीस आणि म्हणालीस, तीनने भाग जातो. किती दिवसांनी हसत होतीस. म्हटलं, राहू दे.”

“आणि वर्षभर पोटात ठेवलंत?”

“पहिले आठ दिवस जड गेले.” त्याने आणखी एक शेंग उघडली. “मासिकातल्या आकड्याचे अवयव पुढच्याच अंकात छापून आले. आपल्या आकड्याच्या वाटेला अजून कुणी गेलेलं नाही.”

बाईंना भरून आलं. या माणसाने, त्यांच्यासाठी, एक चूक तशीच सोडून दिली होती. पण जन्मभर पेपर तपासलेलं मन गप्प बसेना. ज्याने एक चूक पोटात घातली, त्याने आणखी किती घातल्या असतील? एखाद्या संख्येने भाग गेलाही असेल आणि आपण पुढे निघून आलो असू. आजवरचा सगळा हिशेब त्याच्या तपासण्यावर उभा होता. नुसतं विचारलं तर तो नाहीच म्हणेल, आणि मग त्यावर विश्वास ठेवणं जड जाईल.

चहा झाल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. आजची संख्या दोन हजार एकोणतीस. भाग लावता लावता मधल्या एका गुणाकारात त्यांनी मुद्दाम हातचा सोडला, बाकी काढली आणि चेहरा कोरा ठेवून कागद त्याच्यापुढे सरकवला.

नवऱ्याने चष्मा चढवला. पेन्सिल ओळीमागून ओळ उतरत गेली आणि एका जागी थांबली. त्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“हातचा विसरलीस,” तो म्हणाला. “आणि हा नऊ जरा नीट काढ. एक वाटतोय.”

बाईंना फार बरं वाटलं. खोडरबर घेऊन त्यांनी आधी नऊ नीट काढला.